स्थिर आवृत्ती २.५

काळू-शाई खोरे शिक्षण प्रसारक मंडळाच्या मुरबाड येथील मुख्य कार्यालयात जून २००५ च्या दुसऱ्या आठवड्यात असा ठराव मंजूर झाला, की मंडळाच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांतील चौदा शाळांमध्ये चालू वर्षापासून संगणक शिकवला जाईल. ठरावामागचं कारण शैक्षणिक होतं. मुंबईच्या एका कंपनीने आपले जुने छप्पन्न संगणक मंडळाला दान केले होते आणि ते ठेवायला कार्यालयात जागा नव्हती.

संगणक आले ते आतून कोरे. कंपनीने सगळं पुसून दिलं होतं. त्यात काय घालायचं यावर चर्चा झाली तेव्हा कुणीतरी सांगितलं, की लिनक्स नावाची गोष्ट फुकट मिळते. सचिव कमळाकर विशे यांनी 'फुकट' या शब्दाला तत्काळ अनुमोदन दिलं.

या कामासाठी संघरत्ना रोकडे हिची नेमणूक झाली. ती टोकावड्याची. कल्याणच्या कॉलेजातून संगणकशास्त्राची पदवी घेऊन दोन वर्षं ती मुरबाडला एका क्लासमध्ये शिकवत होती. नेमणुकीच्या पत्रात लिहिलं होतं, 'मंडळाच्या लिनक्सची स्थिर आवृत्ती प्रसिद्ध होईपर्यंत तात्पुरत्या स्वरूपात.' हे वाक्य तिने वाचलं आणि पत्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

तिच्या डोक्यात योजना साधी होती. चौदाही शाळांसाठी एकच सीडी बनवायची. तीत मराठी कीबोर्ड, चित्रं काढायचा प्रोग्राम, लिहायचा प्रोग्राम, थोडे खेळ. या संचाला तिने 'माळशेज' असं नाव दिलं. एकदा तो ठरला की बदलायचा नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या, म्हणजे उंबरमाळीच्या बाईंना जे दिसतं तेच टोकावड्याच्या सरांना दिसेल. याला स्थिर आवृत्ती म्हणतात. आता प्रश्न एकच उरत होता, कर्नेल कुठलं घ्यायचं.

कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा. यंत्र आणि बाकीचे सगळे प्रोग्राम यांच्यामधली बोलणी तो करतो. स्वतः तो कधी दिसत नाही, पण तो नसेल तर पडद्यावर काहीच दिसत नाही. त्या वर्षी दोन कर्नेल चलनात होती. एक २.४, जुनं आणि मुरलेलं. दुसरं २.६, नवं, पण दीड वर्ष वापरात असलेलं. संघरत्नाने पंधरा दिवस खपून दोन्ही सगळ्या यंत्रांवर चालवून पाहिली. छप्पन्नपैकी सोळा यंत्रांच्या डिस्क तिच्याकडच्या २.४ ला ओळखता येत नव्हत्या. २.६.८ सगळीकडे चालत होतं. तिने एक पानी अहवाल लिहिला, '२.६.८ घ्यावे,' आणि खाली सही केली.

आठवड्याने सचिवांनी तिला बोलावलं.

"रोकडेबाई, कागद वाचला तुमचा. चांगला हाय. पण हे निवडलं कोणी?"

"मी."

"एकटीनं?"

"हो. सगळ्या मशिनवर चालवून बघितलं, साहेब."

"मग ती निवड नाय झाली. ती तुमची आवड झाली. निवड समिती करते."

विशे सरळ माणूस होते. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही निर्णय एकट्याने घेतला नव्हता, म्हणून त्यांच्यावर एकही चौकशी झाली नव्हती.

सात जणांची समिती झाली. अध्यक्ष म्हणून मंडळाचे अध्यक्ष नथूशेठ हरड, सचिव विशे, चार मुख्याध्यापक, आणि तंत्रज्ञ म्हणून नथूशेठांचा पुतण्या प्रणित, ज्याचं कल्याणला संगणकाचं दुकान होतं. संघरत्नाला 'निमंत्रित, मताधिकार नाही' या वर्गात घेतलं. पहिल्या बैठकीत समितीने निवडीची अट ठरवली. 'निवडावयाची आवृत्ती किमान तीन वर्षे विनातक्रार वापरात असावी, तसेच ती एक वर्षापेक्षा जुनी नसावी.'

"या दोन्ही अटी एकदम कशा पूर्ण होणार?" संघरत्नाने विचारलं.

"अट कडकच असावी," विशे म्हणाले. "उद्या ऑडिट आलं तर आपण सैल राहिलो असं दिसता नये."

अट कडक ठरली. दर दोन-तीन महिन्यांनी कर्नेलची नवी आवृत्ती निघत असे आणि तिच्यासोबत जुन्यातल्या कुठल्या चुका सुधारल्या याची यादी येत असे. समितीने ही यादी गांभीर्याने घेतली. जुन्या आवृत्तीत चुका होत्या हे बनवणाऱ्यांनी लेखी कबूल केलं होतं, म्हणून ती बाद. नव्या आवृत्तीच्या चुकांची यादी अजून आलेली नव्हती, म्हणून तिच्याबद्दल खात्री देता येत नव्हती. दिवाळीपूर्वी २.६.१४ निघालं, जानेवारीत २.६.१५. समितीने प्रत्येकाची नोंद घेतली आणि प्रत्येक वेळी पुढचं येईपर्यंत थांबण्याचं ठरवलं.

दरम्यान एक अनियमितता उघडकीस आली. बाकीच्या शाळांत निवड होईपर्यंत संगणकांच्या खोल्या सीलबंद होत्या, पण उंबरमाळीच्या शाळेत चार संगणक चालू होते.

चाचणीच्या वेळी संघरत्नाने तिथे 'माळशेज' घातलं होतं आणि मुख्याध्यापिका रश्मी जाधव यांनी ते तसंच राहू द्या म्हणून सांगितलं होतं. सात महिन्यांत तिथल्या नववीच्या मुलींनी मराठी टायपिंग शिकून घेतलं होतं. तानी आगिवले नावाच्या मुलीने आजीला विचारून रानभाज्यांची यादी केली होती. लोत, कोळी, कुर्डू, बाफळी, शेवळं, एकेकीचं पान कसं, कधी उगवते, काय घालून शिजवायची. एकेचाळीस भाज्या झाल्या होत्या. यादी विज्ञान प्रदर्शनात जायची होती.

मंडळाकडून पत्र आलं. 'निवड न झालेल्या कर्नेलवर विद्यार्थ्यांना शिकविणे अनधिकृत आहे. आवृत्ती तात्काळ काढून संगणक सीलबंद करावेत.' काढायला संघरत्नालाच पाठवलं, कारण घालणारी तीच होती.

ती सकाळच्या गाडीने उंबरमाळीच्या रेल्वे हॉल्टवर उतरली आणि चढ चढून शाळेत गेली. रश्मीबाईंनी चहा दिला. 

"नाय म्हणून लिहून देऊ का मी?" रश्मीबाई म्हणाल्या.

"तुमची बदली करतील. माझी तर नेमणूकच तात्पुरती आहे."

"मग काय करायचं?"

"समिती ठरवेलच ना दोन-चार महिन्यांत. मग परत येऊन घालून देते."

हे बोलताना तिला त्यावर विश्वास होता. तिने तानीची यादी फ्लॉपीवर उतरवून तिच्या हातात दिली आणि चारही यंत्रं पुसली. तानीने फ्लॉपी उलटसुलट करून पाहिली.

"बाई, ही यात हाय?"

"हो."

"मंग वाचू कशी?"

 तिच्यासोबत आलेला मंडळाचा शिपाई बाळाराम याने दारावर लाख लावून मंडळाचा शिक्का मारला. त्या दिवशी परतीच्या वाटेवर तिला स्वतःची लाज वाटली. पण दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कार्यालयात हजर झाली.

उन्हाळ्यात समितीला मुदतवाढ मिळाली. मुदतवाढीच्या प्रस्तावात संघरत्नाने 'कर्नेलची निवड' असं लिहिलं होतं. टंकलेखकाने अशुद्ध समजून 'कर्नलची निवड' असं शुद्ध केलं. कागद आस्थापना शाखेत गेला. तिथल्या अधीक्षकांनी त्यावर शेरा मारला, 'सदर पद मंजूर आहे काय? आरक्षणाच्या बिंदुनामावलीनुसार प्रवर्ग नमूद नाही.'

"साहेब, हे पद नाही," संघरत्ना म्हणाली. "हा प्रोग्राम आहे."

"असंल," अधीक्षक म्हणाले. "पण फायलीत प्रवर्गाचा रकाना हाय, तो रिकामा कसा सोडू?"

महिनाभराने अभिप्राय आला. कर्नल एकच असल्यामुळे ते एकाकी पद ठरतं आणि एकाकी पदाला आरक्षण लागू होत नाही. सबब जाहिरात खुल्या प्रवर्गातून द्यावी. विशे यांनी हा निर्णय संघरत्नाला सांगितला आणि सहानुभूतीने म्हणाले, "तुमच्या लोकांचा चान्स गेला, बाई. नायतर मी स्वतः शब्द टाकला असता."

जाहिरात स्थानिक साप्ताहिकात आली. एकच अर्ज आला. किन्हवलीचे सुभेदार धम्मपाल भालेराव, वय एकसष्ट, सैन्याच्या सिग्नल दलातून निवृत्त. अर्जात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, की आपण कर्नल नसून सुभेदार आहोत, तरी विचार व्हावा. त्यांना मुलाखतीला बोलावलं, कारण अर्ज आल्यावर न बोलावण्याची तरतूद नव्हती.

सुभेदार कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. कर्नेल कुठलं घ्यायचं हा प्रश्न नीट ऐकून घेतला. मग भिंतीपाशी बसलेल्या संघरत्नाकडे वळून त्यांनी विचारलं, "बाळा, तुझं काय मत?"

समितीत इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. तिने पाच मिनिटांत सांगितलं.

"मग अडलंय कुठं?" सुभेदार म्हणाले. "आमच्याकडं नवा वायरलेस सेट यायचा. यापेक्षा चांगला पुढच्या वर्षी येणार, हे सगळ्यांनाच माहीत असायचं. म्हणून काय वर्षभर तोंडानं हाका मारायच्या? एक घ्या आणि त्याची निगा राखा. एक वेळ चुकीचा घेतलात तरी चालंल, नाय घेतलात तर नाय चालणार."

इतिवृत्तात नोंद झाली, 'तज्ज्ञांच्या मते चुकीची निवड केल्यास चालेल.' खाली विशे यांचा शेरा होता, 'तज्ज्ञांचे मत बेजबाबदार. उमेदवार अपात्र.'

सुभेदारांच्या बोलण्याचा एक परिणाम मात्र झाला. आता निर्णय घ्यायला हवा असं समितीला वाटू लागलं आणि त्यामुळे समितीत फूट पडली. शहापूरकडच्या मुख्याध्यापकांनी २.४ लावून धरलं. मुरबाडकर २.६ वर अडले. प्रणितचा नव्याला पाठिंबा होता, कारण नव्यासाठी नवी यंत्रं लागतील असं त्याने काकांना पटवलं होतं. आपण काय मागतो आहोत हे दोन्ही बाजूंना ठाऊक नव्हतं. दुसरा तालुका काय मागतो आहे तेवढं पक्कं ठाऊक होतं.

टोकावड्याच्या पुढे एका ढाब्यावर विशेष बैठक झाली. कार्यालयात मतभेद मोकळेपणाने मांडता येत नाहीत, असं कारण नोंदवलं होतं.

"शहापूरकडं रेल्वे हाय," नथूशेठ म्हणाले. "आसनगाव हाय, कसारा हाय. आमी अजून जीपला लोंबकळून कल्याण गाठतो. निदान कर्नल तरी नवा मुरबाडच्या वाट्याला येऊ द्या."

"शेठ, आकडा कोणाचा मोठा हा प्रश्न नाय," शहापूरचे एक मुख्याध्यापक म्हणाले. "जुनं ते टिकतं. आणि आमी २.६ मानलं तर गावात तोंड दाखवायचं कसं?"

मटण येईपर्यंत कोणीच मागे हटेना. मटण आल्यावर विशे यांनी ताटावरून मान वर केली.

"शहापूरचं दोन पूर्णांक चार. मुरबाडचं दोन पूर्णांक सहा. मधलं काय?"

 मग नथूशेठांनी हात पुढे केला, शहापूरच्या मुख्याध्यापकांनी तो हातात घेतला. ठराव एकमताने झाला. दोन्ही तालुक्यांच्या भावनांचा आदर राखून कर्नेल २.५ निवडण्यात येत आहे.

संघरत्ना दुसऱ्या दिवशी सकाळीच सचिवांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"साहेब, २.५ ही वापरायची गोष्टच नाही. मधला आकडा सम असला की वापरायचं, विषम असला की ते प्रयोगासाठी. बनवणाऱ्यांची तोडफोड चालते त्यात. त्यांनीच ते २००३ साली बंद केलंय. आता त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही."

"बंद केलंय म्हणजे त्यात आता नवीन काय येणार नाय?"

"नाही."

"बदल होणार नाय?"

"नाही, पण..."

"मग बाई, याच्याइतकं स्थिर दुसरं कुठलं हाय?"

संघरत्नाने हे सगळं लेखी द्यायचं म्हणून कागद काढला. मग तिने हिशेब केला. एकदा उद्घाटन होऊन जाऊ दे, खोल्यांची सीलं निघू देत. दुसऱ्या दिवसापासून एकेका शाळेत जाऊन आपण गुपचूप २.६ घालू. कुणाला फरक कळणार आहे? तिने कागद परत ठेवला आणि कामाला लागली. २.५ मधलं सगळ्यात शेवटचं, २.५.७५, शोधून काढलं. चार रविवार खर्च करून ते एका यंत्रावर चालवून पाहिलं. कधी चालू व्हायचं, कधी नाही. व्हायचं तेव्हा कशामुळे झालं हेही कळत नव्हतं.

पंधरा ऑगस्ट २००७ रोजी मुरबाडच्या शाळेच्या सभागृहात 'माळशेज, स्थिर आवृत्ती २.५' चा लोकार्पण सोहळा झाला. संगणक सीलबंद खोलीतून काढून आणले होते. दोन पावसाळ्यांची ओल त्यांना चढली होती. बाळारामने ते पुसून, हार घालून मांडले होते. समोर पालक, शिक्षक, दोन्ही तालुक्यांतले प्रतिष्ठित. नथूशेठांनी नारळ फोडला आणि बटण दाबलं. मोठ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर सरकली. मग थांबली. शेवटची ओळ इंग्रजीत होती. कर्नेल घाबरून जागच्या जागी थांबलं आहे, अशा अर्थाची.

संघरत्ना यंत्राकडे धावली. कळा दाबून पाहिल्या. काही हललं नाही.

"हालत का नाय हे?" नथूशेठांनी हळूच विचारलं.

"स्थिर आवृत्ती हाय, शेठ," विशे म्हणाले.

नथूशेठांनी समाधानाने मान डोलावली आणि माइक हातात घेतला. दोन वर्षांच्या अथक परिश्रमांतून ही स्थिरता लाभली आहे, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. पडदा पाऊण तास तसाच होता. सगळ्यांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले.

संध्याकाळी बाळारामने संघरत्नाला एक लखोटा आणून दिला. स्थिर आवृत्ती प्रसिद्ध झाल्यामुळे आपली सेवा आज कार्यालयीन वेळेनंतर संपुष्टात येत आहे. सोबत सर्व शाळांना गेलेल्या परिपत्रकाची प्रत होती. स्थिर आवृत्तीत कोणीही कोणताही बदल केल्यास तो शिस्तभंग समजला जाईल.

"मला वाचता येत नाय नीट, बाई," बाळाराम म्हणाला. "चांगलं हाय ना?"

"पक्कं आहे," संघरत्ना म्हणाली.

पुढे महिनाभरात तिला कल्याणच्या एका छापखान्यात नोकरी लागली. पहिल्याच दिवशी मालकाने विचारलं, लिनक्सचं काय घालायचं. तिने सांगितलं, २.६. तो बरं म्हणाला आणि चहा मागवायला बाहेर गेला. तासाभरात काम सुरू झालं. त्या दिवशी ती टेबलावर डोकं ठेवून थोडी रडली. मालकाला वाटलं, नव्या जागेचं दडपण आलं असेल.

छप्पन्न संगणक पुढच्या वर्षी निर्लेखित होऊन भंगारात गेले. निर्लेखन समितीचे सदस्य तेच सात होते आणि हे काम त्यांनी एका बैठकीत उरकलं. तानी आगिवले दहावी झाली, तिचं लग्न झालं. ती कुठे दिली हे रश्मीबाईंना विचारावं लागेल.

संघरत्नाच्या मनातून मात्र ते जाईना. शेवटी तिने माहितीच्या अधिकारात अर्ज केला आणि निवडीच्या संपूर्ण फायलीच्या प्रती मागितल्या. दोनशे बारा पानं मिळाली. मुरबाडच्या एसटी स्टँडवर टोकावड्याच्या गाडीची वाट बघत तिने ती चाळली. तिचा एक पानी अहवाल पान तीनवर होता. त्यानंतर तिचं नाव फक्त चहा देण्यात आलेल्यांच्या यादीत होतं. पान दोनशे अकरावर एक जाहीर नोटीस होती. 'कर्नल २.५ च्या निवडीस कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी. मुदतीत हरकत न आल्यास संमती गृहीत धरण्यात येईल. प्रसिद्धीचे ठिकाण : मुरबाड, शहापूर व टोकावडे येथील एसटी स्टँड.'

तिने मान वर केली. समोर चौकशीच्या खिडकीशेजारी नोटिसांचा फळा होता. त्या तीस दिवसांत ती रोज संध्याकाळी याच फळ्याखाली उभी राहिली होती. गाड्यांच्या पाट्या वाचत होती.

शेवटचं पान छोटं होतं. 'प्राप्त हरकती : निरंक. सबब दोन्ही तालुक्यांतील सर्व सुज्ञ नागरिकांची संमती आहे.'

खाली नावांची यादी नाही. सर्व म्हटल्यावर यादीची गरज नसते. त्या महिन्यात तुम्हीही यांपैकी कुठल्यातरी स्टँडवर उभे होता, गाडीला उशीर का होतोय म्हणून सरकारला शिव्या देत. आणि नसाल, तर जिथे होता तिथेही असा एक फळा होताच. तिथली तुमची संमती कार्यालयाला वेळेवर मिळालेली आहे.